हळू आवाजात

खंबाटकीच्या बोगद्यात तिनं पहिला बूट काढून फेकला,
साताऱ्याला दुसरा.
तासवड्याच्या नाक्यावर फास्टॅग चालेना म्हणून काच खाली केली,
तर तिनं तिथल्या मुलाला अर्धं चावलेलं केळं दिलं
आणि त्यानं ते घेतलं, सुट्टे पैसे घ्यावेत तसं.

शाल्मली. वय बावीस महिने, शब्द अकरा.
कऱ्हाड सोडल्यापासून त्यातला एकच वापरात:
टॅक्टल.
उसाच्या दोन ट्रॉल्या, वर कर्णा, कर्ण्यात लग्नाची गाणी,
बारा किलोमीटर माझ्यापुढे तोच एक.
मला ओलांडता येईना, तिला पुरेना.
राजवर्धन मागे तिच्याशेजारी,
मांडीवर डबा, डब्यात उपमा, उपम्यात तिची केसांची पिन.
"झोपव तिला," मी आरशात बघून म्हणाले.
"झोपवतोय," म्हणताना त्याचेच डोळे मिटत होते.

ती झोपली. कुठं?
ताकारीला नाही, पलूसला नाही,
तासगाव मागे पडल्यावर, सावळजच्या पाटीपाशी,
घर चार मिनिटांवर आलं तेव्हा.

माणसं फाटकातच उभी होती.
काकूच्या हातात भाकरतुकडा आणि तांब्या.
मी काचेआडून ओठांवर बोट ठेवलं
आणि अख्खं अंगण गप झालं.
इंजिन बंद केलं की ती उठते,
म्हणून गाडी तशीच घुरघुरत ठेवली
बेदाण्याच्या शेडला लागून, हिरव्या जाळीच्या सावलीत.
काकूनं गाडीवरूनच तुकडा ओवाळला,
पाणी चाकावर.
मग खुर्च्या आल्या. मग खिडकीतून चहा आला.
मी बशी स्टिअरिंगवर टेकवली.

हे आधी सांगायला हवं होतं:
हिंदुराव काका आणि सर्जेराव काका
एका बोअरच्या पाण्यावरून सात वर्षं बोलत नाहीत.
आमच्या लग्नात एक सकाळी आले, एक संध्याकाळी.
आजही सर्जेराव पोरगी बघून लगेच निघणार होते.
पण पोरगी काचेआड, मान वाकडी, तोंड उघडं,
आणि त्या बाजूला काच एकच,
त्यामुळे दोन टोप्या शेजारी शेजारी वाकल्या.

"आपल्या आईवानी हाय."
"कपाळ. नाक न्हवं."
"नाक बी."
"हळू की, उठंल."

त्या घरात एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.
भांडायला आवाज लागतो;
कुजबुजत कुणाची अक्कल काढता येत नाही.
कामाच्या बायासुद्धा जाळी झाडायची थांबून
नुसत्या हातानं बेदाणा ओढत होत्या.

"दर काय म्हंतोय औंदा?"
"बघायचं. तुझा माल?"
"वरचा हिरवा हाय. खालच्या जाळीचा जरा लाल पडलाय."
"दाखीव."

समेट वगैरे म्हणू नका.
राजवर्धन म्हणाला, कामाचं बोलत होते, बोअरचं नाव निघालं नाही.
खरं आहे.
पण सर्जेराव काकांचा चहा निवला
तेव्हा काकूनं न विचारता दुसरा आणला,
आणि ते निघाले नव्हते.

पन्नास मिनिटं. बरंच डिझेल.
मग कुत्रं भुंकलं.
तिनं डोळे उघडले, काचेला चिकटलेली नऊ तोंडं बघितली
आणि असा भोंगा पसरला
की सगळे एकदम बोलायला लागले, पहिल्यासारखे, मोठ्यानं:
तुझंच कुत्रं! तूच टेकलास गाडीला!
ती घामेजलेली, माझ्या खांद्यावर,
हुंदक्यातून एकच विचारत होती.
दाखवला. शेडमागे उभा होता.
सर्जेराव काकांनी तिला चाकामागे बसवलं,
हिंदुराव काकांनी किल्ली आणून दिली.

रविवारी निघताना डिकीत बेदाण्याचे दोन डबे,
दोन घरांचे, वेगवेगळे.
कऱ्हाडच्या आत तिनं दोन्ही उघडले.

मंगळवारी सीट काढून झाडली.
बेदाणे निघाले, ओंजळभर.
साताऱ्याचा बूट निघाला.
खंबाटकीचा अजून नाही.